सनस्क्रीनमधला ‘आरसा’
एका लोकप्रिय स्पष्टीकरणाची तपासणी

गेल्या फेब्रुवारीत एका माध्यमिक शाळेतील विज्ञानाच्या शिक्षकांचे एक पाकीट मला आले. आत सनस्क्रीनच्या खोक्यातले एक माहितीपत्रक होते आणि सोबत एक चिठ्ठी. त्यांच्या आठवीच्या वर्गातील एका मुलीच्या कपाळावर आणि हातांवर कोडाचे डाग आहेत. त्या जागी त्वचेत रंगद्रव्य नसल्याने उन्हाने ती जागा लवकर भाजते. म्हणून घरच्यांनी तिला ‘खनिज’ सनस्क्रीन आणून दिले. क्रीडास्पर्धांच्या सरावाच्या दिवशी सकाळी साडेसात वाजता ते लावून ती शाळेत आली आणि साडेअकरापर्यंत मैदानावर होती. संध्याकाळी डाग लालबुंद होऊन आग होऊ लागली. माहितीपत्रकात सांगितले होते की, या मलमातील खनिजकण त्वचेवर सूक्ष्म आरशांसारखे बसतात आणि ऊन परतवून लावतात, तर इतर ‘रासायनिक’ सनस्क्रीन ऊन शोषून घेतात व त्यामुळे वापरले जाऊन संपतात. शिक्षकांचा प्रश्न साधा होता. आरसा ऊन परतवतो, संपत नाही, तर मग चार तासांत तो गेला कुठे?

प्रश्न उत्तम आहे. तो तर्काने विचारलेला आहे, आणि पत्रकातले वर्णन खरे मानले तर त्याला उत्तर नाही. असे झाले की वर्णनच तपासून पाहावे, हा विज्ञानाचा रिवाज. हे ‘आरशाचे’ स्पष्टीकरण केवळ त्या एका पत्रकात नाही. जाहिराती, आरोग्यविषयक सदरे आणि विद्यार्थ्यांचे प्रकल्प या सर्वांत ते आढळते. म्हणून या लेखात कोणा एका उत्पादनाचे नव्हे, तर या स्पष्टीकरणाचे परीक्षण करायचे आहे.

पांढरा रंग, जो काळा आहे

खनिज सनस्क्रीनमध्ये दोन पदार्थ असतात: झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड. कधी एक, कधी दोन्ही. दोन्ही पांढरी भुकटी. पांढरा पदार्थ आपल्याला पांढरा दिसतो, कारण तो दृश्य प्रकाशातले सगळे रंग परत फेकतो. तेव्हा अतिनील (काहींच्या सवयीचा शब्द जंबुपार) किरणही तो परत फेकत असेल, असे मनात येणे स्वाभाविक आहे. चूक नेमकी इथेच होते. डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशावरून न दिसणाऱ्या प्रकाशाबद्दल अनुमान काढले जाते.

हे अनुमान चुकीचे असल्याचे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी दिसून आले आहे. रॉबर्ट वूड या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १९१० साली अतिनील किरणांनी छायाचित्रे घेतली. काचेतून हे किरण नीट जात नाहीत, म्हणून त्याने क्वार्ट्झचे भिंग घेतले आणि त्यावर चांदीचा पातळ थर चढवला. चांदीचा असा थर दृश्य प्रकाश अडवतो, पण ३२० नॅनोमीटरच्या आसपासच्या किरणांना वाट देतो. चित्रकार ‘चायनीज व्हाइट’ नावाचा जो पांढरा रंग वापरतात तो म्हणजे झिंक ऑक्साइड. वूडच्या छायाचित्रांत हा शुभ्र रंग काळा आला. जो पदार्थ किरण परत फेकतो तो छायाचित्रात उजळ दिसतो, जो गिळतो तो काळा दिसतो. झिंक ऑक्साइड अतिनील किरण गिळते, ही गोष्ट तेव्हापासून छायाचित्रात नोंदलेली आहे.

मग आरसा आला कोठून? याचे एक कारण म्हणजे जुनी जाड मलमे. क्रिकेट पाहणाऱ्यांना ॲलन डोनाल्डच्या चेहऱ्यावरचे पांढरे पट्टे आठवत असतील. ते झिंकचे मलम. असा जाड थर पाहून ‘ऊन अडवणारी भिंत’ हीच कल्पना सुचते. दुसरे कारण सरकारी भाषेचे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९७८ मध्ये सनस्क्रीनविषयी जो मसुदा काढला, त्यात ‘अपारदर्शक सनब्लॉक’ची व्याख्या २९० ते ७७७ नॅनोमीटरमधला सर्व प्रकाश परावर्तित किंवा विकिरित करणारा पदार्थ अशी होती. त्या व्याख्येत शोषणाचा उल्लेख नव्हता. अधिकृत कागदावर आलेले वाक्य पुढे पुस्तकांत, पुस्तकांतून पत्रकांत आणि पत्रकांतून वर्गात उतरते. त्या प्रशासनाने ‘सनब्लॉक’ हा शब्द लेबलवर वापरण्यास २०११ च्या नियमांनी मनाई केली. तो जे सुचवतो ते खरे नाही, हे त्यामागचे कारण. शब्द गेला, पण आरसा राहिला.

२०१६ साली कर्टिस कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दाव्याची थेट मोजणी प्रसिद्ध केली. सनस्क्रीनमध्ये वापरल्या जाणाऱ्या झिंक आणि टायटॅनियमच्या ऑक्साइडांवर अतिनील किरण टाकले तर परत किती येतात, हे त्यांनी पाहिले. सरासरीने फक्त ४ ते ५ टक्के परत आले. बाकीचे संरक्षण शोषणाचे होते.

या आकड्याचा अर्थ वर्गात गणिताने सांगता येईल. समजा, एखादा थर ५ टक्के किरण परत फेकतो आणि दुसरे काहीच करत नाही. मग ९५ टक्के त्वचेपर्यंत पोहोचतील. संरक्षण-गुणक, म्हणजे एसपीएफ, हा पोहोचणाऱ्या अंशाचा व्यस्त असतो: १ भागिले ०.९५, म्हणजे सुमारे १.०५. डब्यावर मात्र ३० लिहिलेले असते. १.०५ पासून ३० पर्यंतचे अंतर आरसा भरून काढू शकत नाही. ते शोषणाने भरले जाते.

गिळलेल्या प्रकाशाचे काय होते?

ही दोन्ही ऑक्साइडे अर्धवाहक आहेत. त्यांच्यातील इलेक्ट्रॉन एका ऊर्जापट्ट्यात बांधलेले असतात. वरचा पट्टा मोकळा असतो. मध्ये एक फट असते, जिच्यात इलेक्ट्रॉनला थारा नाही. प्रकाशाच्या कणाची, म्हणजे फोटॉनची, ऊर्जा या फटीपेक्षा कमी असेल तर इलेक्ट्रॉन त्याला दाद देत नाही. जास्त असेल तर फोटॉन गिळून तो वर उडी मारतो. झिंक ऑक्साइडची फट सुमारे ३.३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. १२४० ला इलेक्ट्रॉन-व्होल्टने भागले की नॅनोमीटरमध्ये तरंगलांबी मिळते, हे सूत्र अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे. १२४० भागिले ३.३ म्हणजे सुमारे ३७५. या लांबीपेक्षा आखूड तरंग, म्हणजे सर्व बी-अतिनील आणि बराचसा ए-अतिनील, झिंक ऑक्साइड गिळते. त्याहून लांब तरंगांना, म्हणजे दृश्य प्रकाशाला, ते हात लावत नाही. म्हणून ते पांढरे आहे.

टायटॅनियम डायऑक्साइडची फट थोडी लहान आहे. रूटाइल या रूपात सुमारे ३.०, ॲनाटेज या रूपात सुमारे ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. नुसत्या भागाकाराने पाहिले तर ते झिंकपेक्षाही लांब तरंग गिळेल असे वाटते. पण त्याच्या स्फटिकात फटीच्या काठावरची उडी सरळ होत नाही, त्यामुळे काठाजवळचे शोषण दुबळे राहते. बी-अतिनील ते उत्तम अडवते, लांब ए-अतिनीलच्या बाबतीत मात्र झिंक ऑक्साइड सरस ठरते. ३८० ते ४०० नॅनोमीटरच्या अरुंद खिडकीत झिंकही फारसे गिळत नाही, हेही सांगायला हवे.

वर उडालेला इलेक्ट्रॉन क्षणार्धात खाली येतो आणि ती ऊर्जा बहुतांशी उष्णतेच्या रूपात बाहेर पडते. ‘रासायनिक’ म्हटल्या जाणाऱ्या कार्बनी सनस्क्रीनमध्येही हेच घडते: रेणू फोटॉन गिळतो, उत्तेजित होतो, उष्णता सोडून मूळ स्थितीत येतो. म्हणजे एक परतवतो आणि एक शोषतो ही विभागणी टिकत नाही. दोन्ही शोषतात. शोषण केल्यामुळे कार्बनी सनस्क्रीन त्वचा तापवतात आणि खनिज थंड ठेवतात, हा दावाही त्याबरोबर जातो. भर उन्हातल्या एकूण ऊर्जेत अतिनीलचा वाटा जेमतेम ५ टक्के असतो आणि सनस्क्रीन नसते तर तोही त्वचेनेच शोषला असता.

विकिरणाचे काम अगदीच शून्य आहे असे नाही. कणांवर आपटून प्रकाश वेडावाकडा फिरला की थरातला त्याचा प्रवास लांबतो आणि वाटेत गिळणारे कण जास्त भेटतात. शोषणाला मदत करणारा हा सहायक आहे, मुख्य कामगार नव्हे.

इथे दोन प्रकारांमधला एक खरा फरक मात्र नोंदवायला हवा. काही कार्बनी रेणू, उदाहरणार्थ ॲव्होबेन्झोन, स्थिर करणारे घटक सोबत नसतील तर उन्हात विघटित होतात. झिंक ऑक्साइडचा कण कितीही फोटॉन गिळून जसाच्या तसा राहतो. पत्रकाच्या लेखकाला बहुधा हेच सांगायचे असावे. पण ‘कण संपत नाही’ यावरून ‘संरक्षण संपत नाही’ असे वाचकाने समजावे, अशी त्याची मांडणी आहे.

पांढरेपणा आणि संरक्षण

आरशाच्या कल्पनेतून दुसरा एक गैरसमज निघतो: मलम जितके पांढरे तितके चांगले, आणि चेहऱ्यावर न दिसणारे ते फसवे. पांढरेपणा विकिरणातून येतो आणि तो दोन गोष्टींवर अवलंबून असतो. पहिली वक्रीभवनांक (आजच्या पाठ्यपुस्तकांत अपवर्तनांक). तेलाचा साधारण १.४५, झिंक ऑक्साइडचा सुमारे २, रूटाइलचा सुमारे २.७. फरक जितका मोठा तितके विकिरण अधिक. म्हणून टायटॅनियमची मलमे जास्त पांढरी दिसतात. दुसरी गोष्ट कणांचा आकार. भिंतीच्या रंगासाठी कण २०० ते ३०० नॅनोमीटरचे, म्हणजे दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीच्या सुमारे निम्मे ठेवतात, कारण त्या आकाराला दृश्य प्रकाश सर्वाधिक विखुरतो. तेच कण १०० नॅनोमीटरच्या खाली आणले की दृश्य प्रकाशाचे विकिरण घसरते आणि मलम जवळजवळ पारदर्शक होते. अतिनील शोषणारी फट मात्र पदार्थाची असते, त्यामुळे शोषण कायम राहते. पारदर्शक खनिज सनस्क्रीन शक्य होते ते केवळ यामुळे. खरोखरच आरशाचे काम असते, तर पारदर्शक होताच ते निकामी झाले असते.

याची दुसरी बाजू वांग असलेल्यांनी लक्षात घ्यावी. वांग गडद होण्यात दृश्य प्रकाशाचाही हात असतो. झिंक आणि टायटॅनियमची पारदर्शक मलमे तो जाऊ देतात. त्यासाठी लोहाच्या ऑक्साइडांनी तपकिरी छटा दिलेली मलमे उपयोगी पडतात, कारण ती ऑक्साइडे दृश्य प्रकाशही शोषतात.

आणखी एक इशारा विशेषतः विज्ञान प्रदर्शनासाठी. घरगुती सनस्क्रीन हा प्रकल्प दरवर्षी कुठे ना कुठे दिसतो: औषधाच्या दुकानातून झिंक ऑक्साइड आणायचे आणि खोबरेल तेलात कालवायचे. तेलात भुकटीच्या गुठळ्या होतात, त्वचेवर सलग थर बसत नाही आणि संरक्षण किती मिळाले हे कळत नाही. शिवाय या ऑक्साइडांच्या पृष्ठभागावर प्रकाशाने रासायनिक क्रिया घडू शकतात. टायटॅनियम डायऑक्साइडच्या विद्युताग्रावर प्रकाश टाकून पाण्याचे विघटन करता येते, हे फुजिशिमा आणि होंडा यांनी १९७२ मध्ये दाखवले होते. तोच गुण त्वचेवर नको असतो. म्हणून उत्पादक कणांवर सिलिका, ॲल्युमिना किंवा सिलिकोनचे अस्तर चढवतात. हे अस्तर घरच्या वाटीत होत नाही. प्रकल्प प्रकाशाच्या अभ्यासासाठी जरूर करावा, पण ते मिश्रण कोणाच्याही अंगाला लावू नये.

मग चार तासांत काय गेले?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. झिंकचे कण संपले नाहीत, कमी झाला तो थर. सनस्क्रीन म्हणजे त्वचेवर पसरलेली एक पातळ फिल्म. घाम तिला फोडतो, त्वचेचे तेल तिला सरकवते, रुमाल, ओढणी आणि बाही तिला पुसतात. पळणाऱ्या, घामाघूम होणाऱ्या मुलीच्या कपाळावर सकाळची फिल्म साडेअकराला शाबूत असण्याची शक्यता फार कमी. त्यातच ऊन चढत गेले. साडेसातला जे ऊन कोवळे होते ते साडेअकराला तसे नव्हते. संरक्षण उतरत होते आणि गरज वाढत होती.

यात आणखी एक गोष्ट मिसळते आणि माझ्या मते ती सर्वांत महत्त्वाची आहे. फिल्म सुरुवातीलाच पुरेशी नसते. प्रयोगशाळेत एसपीएफ मोजताना दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम मलम लावतात. माणसे प्रत्यक्षात लावतात साधारण ०.५ ते १ मिलिग्रॅम. थर निम्मा केला तर संरक्षण निम्मे होते का? एकसंध शोषक थराच्या आदर्श गणिताने ते वर्गमूळ होते: ३० चे सुमारे ५.५. प्रत्यक्ष मोजणीत दरवेळी इतकी घसरण दिसत नाही, कारण त्वचा चढ-उतारांची आहे आणि थर कुठेच एकसंध नसतो. तरीही डब्यावरचा आकडा आपल्या चेहऱ्यावर नसतो, एवढे निश्चित.

२ मिलिग्रॅमचा हिशेब मांडून पाहू. प्रौढ माणसाचा चेहरा आणि मान मिळून साधारण ६०० चौरस सेंटिमीटर धरले तर एका वेळी १.२ ग्रॅम लागते. कोपरापासून खालचे दोन्ही हात धरले तर एकूण क्षेत्र २५०० च्या घरात जाते, म्हणजे ५ ग्रॅम. ५० ग्रॅमची ट्यूब दहा वेळा पुरेल. दिवसातून दोनदा लावले तर पाच दिवस. मध्यमवर्गीय घरात एक ट्यूब उन्हाळाभर पुरवतात. यावरून आपण किती पातळ लावतो हे लक्षात यावे. पत्रके हा हिशेब सांगत नाहीत. सांगितला तर ग्राहक ट्यूबच्या किमतीला दहाने भागेल.

आकड्यांबाबत दोन विरुद्ध चुका प्रचलित आहेत. पहिली, एसपीएफ ३० म्हणजे दहा मिनिटांत भाजणारा माणूस तीनशे मिनिटे निर्धास्त. ऊन तासातासाला बदलते आणि थर झिजतो, त्यामुळे हा गुणाकार फसवा आहे. दुसरी चूक शिकलेल्यांची: ३० चे मलम ९६.७ टक्के अडवते, ५० चे ९८ टक्के, मग फरक तो काय? त्वचेला मतलब आहे आत आलेल्या किरणांशी, अडलेल्यांशी नव्हे. एकात १०० पैकी ३.३ आत येतात, दुसऱ्यात २. पहिल्यात दुसऱ्याच्या दीडपटीहून जास्त. पातळ लावणाऱ्यांसाठी तर हा फरक मोलाचा आहे. शिवाय हा आकडा प्रामुख्याने त्वचा लाल करणाऱ्या बी-अतिनीलचा आहे. ए-अतिनीलसाठी जपानमध्ये १९९६ पासून वापरात आलेली पीए आणि अधिक चिन्हांची पद्धत आपल्याकडच्या ट्यूबांवरही दिसते. अधिक चिन्हे जितकी जास्त तितके ए-अतिनीलपासून संरक्षण जास्त.

पुन्हा कधी लावावे?

‘दर दोन तासांनी’ हा सल्ला सर्वत्र छापलेला असतो. तो वाईट नाही, पण निसर्गनियमही नाही. लोकांच्या लक्षात राहील असा तो एक गोळाबेरीज आकडा आहे. ब्रिटिश शास्त्रज्ञ ब्रायन डिफी यांनी २००१ मध्ये याच प्रश्नाचे गणिती प्रतिमान मांडले. त्यांचा निष्कर्ष विचार करायला लावणारा आहे. उन्हात जाण्यापूर्वी १५ ते ३० मिनिटे एकदा लावावे आणि उन्हात गेल्यावर १५ ते ३० मिनिटांतच दुसऱ्यांदा लावावे. वीस मिनिटांनी दुसरा थर देणाऱ्याच्या त्वचेवर, दोन तास थांबणाऱ्याच्या तुलनेत, ६० ते ८५ टक्केच अतिनील मात्रा पडते. कारण उघड आहे. पहिला थर अपुरा आणि ठिगळांचा असतो. दुसरा थर ती ठिगळे बुजवतो, आणि ती उन्हाच्या शेवटी बुजवण्यापेक्षा सुरुवातीला बुजवणे शहाणपणाचे.

हे आरशाच्या भाषेत कळत नाही. आरसा एक तर असतो किंवा नसतो. शोषक थराच्या भाषेत ते सहज कळते, कारण थराला जाडी असते, आणि ती वाढते किंवा झिजते. चुकीचे स्पष्टीकरण म्हणून केवळ परीक्षेत गुण जात नाहीत, वागणेही चुकते.

तेव्हा मैदानावर जाणाऱ्यासाठी नियम असा सांगता येईल: निघण्यापूर्वी एक थर, मैदानावर पोहोचल्यावर दुसरा. त्यानंतर घाम पुसला, तोंड धुतले, पोहून अंग पुसले की घड्याळ न पाहता लगेच, आणि यातले काहीही झाले नाही तरी उन्हात असेपर्यंत दोन तासांनी. ‘वॉटर रेझिस्टंट’ या शब्दांचा अर्थ, अमेरिकी नियमांनुसार, पाण्यात ४० किंवा ८० मिनिटे टिकते एवढाच आहे. टॉवेलपुढे ते टिकत नाही. याउलट दिवसभर घरात किंवा वर्गात बसणाऱ्याने दोन-दोन तासांनी ट्यूब उघडत राहण्याची गरज नाही.

ऊन तीव्र आहे की नाही हे ओळखायला यंत्र लागत नाही. आपली सावली उंचीपेक्षा आखूड असेल तर सूर्य ४५ अंशांच्या वर आहे आणि अतिनील किरण जोरात आहेत. २१ मार्चच्या सुमारास पुण्यात ही वेळ साधारण सकाळी दहा ते दुपारी साडेतीन अशी येते, उन्हाळ्यात आणखी लांबते. मे महिन्यात शून्य सावलीचा दिवस साजरा करणाऱ्या शाळांनी त्या निमित्ताने हेही सांगावे की, सावली नाहीशी होते तेव्हा अतिनील निर्देशांक ११ च्या पुढे, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीवरील सर्वोच्च श्रेणीत जातो.

वर्गात करून पाहण्याजोगे

शब्दावर विश्वास ठेवू नये म्हणून दोन प्रयोग. पहिला जुनाच आहे. परीक्षानळीत थोडे झिंक ऑक्साइड तापवा. ते पिवळे होते, थंड झाले की पुन्हा पांढरे. तापल्यावर ऑक्सिजन निसटून स्फटिकात दोष निर्माण होतात आणि ऊर्जेची फटही आकसते. त्यामुळे शोषणाची सीमा दृश्य प्रकाशाच्या जांभळ्या-निळ्या भागात सरकते. निळा गिळला की उरलेला पिवळा दिसतो. म्हणजे शोषणाची सीमा पांढऱ्या झिंकमध्येही आहे, फक्त थंड असताना ती आपल्या नजरेच्या पलीकडे राहते.

दुसऱ्यासाठी दुकानात नोटा तपासायचा अतिनील दिवा आणा. त्यातील नळीचा प्रकाश ३६५ नॅनोमीटरच्या आसपास असतो. बाजारातील स्वस्त टॉर्च ३९५ चे असतात. त्यांचा उपयोग होणार नाही, आणि का होणार नाही हे विद्यार्थ्यांनीच १२४० च्या सूत्राने शोधावे. एका ताटलीत कोरडे झिंक ऑक्साइड, दुसरीत खडूची भुकटी सपाट पसरा. खोलीत अंधार करा. दिव्याचा प्रकाश ताटलीवर पडेल, पण समोर धरलेल्या पांढऱ्या कागदावर थेट पडणार नाही, असा पुठ्ठ्याचा आडोसा करा. साध्या पांढऱ्या कागदात अतिनीलने निळसर चमकणारे द्रव्य असते. खडूवरून उसळलेल्या किरणांनी कागद चमकेल. झिंकच्या ताटलीपुढे तो मंदच राहील. डोळ्यांना दोन्ही भुकट्या सारख्याच पांढऱ्या आहेत. झिंकची भुकटी स्वतः अंधुक हिरवट चमकताना दिसली तर गोंधळू नये, कारण चमकण्यासाठी आधी किरण गिळावे लागतात. दिव्याकडे थेट पाहू नये, ही सूचना मुलांना आधीच द्यावी.

पत्रकाने काय लिहायला हवे होते

‘आरसा’ हे मुलांना समजावण्यासाठी केलेले सुलभीकरण आहे, असा बचाव कोणी करील. सुलभीकरणाला माझा विरोध नाही. चांगल्या सुलभीकरणात बारकावे गळतात, पण निष्कर्ष बरोबर राहतात. आरशाच्या उपमेतून ‘एकदा लावले की झाले’, ‘पांढरे तेच खरे’ आणि ‘खनिज म्हणजे रसायन नव्हे’ असे तीन चुकीचे निष्कर्ष निघतात. झिंक ऑक्साइड हे रसायनच आहे. ते चांगले रसायन आहे, त्वचेला सहसा त्रास न देणारे आहे. कॅलामाइन लोशनमधून ते पिढ्यान्पिढ्या आपल्या घरात आहे. २०१९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सनस्क्रीन घटकांचा फेरविचार करताना ‘सुरक्षित व प्रभावी’ म्हणून प्रस्तावित केलेले दोनच घटक म्हणजे झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड. त्याच्या गुणांसाठी खोट्या उपमेची गरजच नव्हती. अतिनीलसाठी ही पांढरी काजळी आहे, नीट जाड लावा, लवकर दुसरा हात द्या आणि पुसली की पुन्हा लावा, एवढे चार ओळींत लिहिता आले असते.

त्या शिक्षकांना मी हेच कळवले आणि शेवटी एक गोष्ट जोडली. सनस्क्रीन हा बचावाचा शेवटचा थर आहे. लांब बाह्यांचा सदरा, रुंद काठाची टोपी, झाडाची सावली हे थर घामाने वाहून जात नाहीत आणि दर दोन तासांनी विकत घ्यावे लागत नाहीत. सरावाची वेळ सकाळी नऊपूर्वी संपवणे तर पूर्ण फुकट आहे. त्यांचे उत्तर आले. शाळेने सरावाची वेळ बदलली आहे, त्या मुलीला टोपी व पूर्ण बाह्यांचा गणवेश घालण्याची परवानगी मिळाली आहे, आणि नोटा तपासायचा दिवा प्रयोगशाळेत आला आहे. खडू आणि झिंकच्या ताटल्यांचा प्रयोग वर्गाला पहिल्यांदा तिनेच करून दाखवला.